‘उए ओ मुइते आरुको’ माउथ ऑर्गनवर: सहावा आठवडा

मंडळी, ‘उए ओ मुइते आरुको’ हे जपानी गाणं मी माउथ ऑर्गनवर बसवतोय, त्याचा अडलेला अंतरा परवा रात्री सुटला. मागच्या खेपेला मी मुखडा वाजवून दाखवला होता आणि पुढे एक सूर हाताला लागत नाही म्हटलं होतं. तो कोमल धैवत निघाला.

मुखडा म्हणजे जवळजवळ भूपच. सा सा रे ग सा, मग खाली ध, प. म आणि नी नाहीत. जपानीत अशा सप्तकाला ‘योनानुकी’ म्हणतात, चौथा-सातवा वगळलेलं. बारा भोकांच्या क्रोमॅटिकवर (बटण दाबलं की अर्धा सूर चढतो असा माउथ ऑर्गन) पांढरी एकमध्ये, म्हणजे C हा सा धरून, चौथं आणि पाचवं, दोन्ही भोकं फुंकली की सा-च वाजतो. मी सुरुवात पाचव्यावर करायचो आणि खाली उतरताना अडखळायचो. आता ‘ग’नंतरचा सा चौथ्यावर घेतो, म्हणजे ध-प शेजारच्या तिसऱ्या भोकातच मिळतात. एवढ्याशा बदलाने ओळ एका श्वासात सरळ जायला लागली.

अंतऱ्यात ‘शिआवासे’, म्हणजे सुख, हा शब्द दोनदा येतो. सुख ढगांच्या वर आहे, सुख आभाळाच्या वर आहे. पहिल्या ओळीखाली मध्यमाचा मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आहे, दुसऱ्या ओळीला तोच मायनर होतो, म्हणजे त्यातला ध कोमल होतो. शब्द सुखाचे आणि धैवत कोमल! संगीतकार हाचिदाई नाकामुराची ही जागा कळली तेव्हा मी वाजवायचं थांबवून नुसता बसून राहिलो. वाजवायला मात्र सोपी आहे: शुद्ध ध ओढायचा, कोमल ध हवा तर त्याच भोकात बटण दाबून फुंकायचं. साध्या ट्रेमोलोवर, म्हणजे बिनबटणाच्या माउथ ऑर्गनवर, हा सूरच नाही, म्हणून मी तीन आठवडे चाचपडत होतो.

आता कव्हरांविषयी, म्हणजे इतरांनी केलेल्या रूपांविषयी. गायक क्यू साकामोतोची मूळ रेकॉर्ड १९६१ची. ‘सुकियाकी’ हे नाव ब्रिटनमध्ये केनी बॉलच्या जॅझ बँडच्या वाद्यरूपाला दिलं गेलं, ते एका मांसाच्या पदार्थाचं नाव, गाण्याशी काडीचा संबंध नाही. त्याच नावाने मूळ रेकॉर्ड अमेरिकेत गेली आणि जून १९६३मध्ये बिलबोर्डवर (तिथली लोकप्रिय गाण्यांची यादी) तीन आठवडे पहिली राहिली, जपानी शब्दांसकट. केनी बॉलचं रूप शिकणाऱ्यांनी जरूर ऐका: शब्द नसल्याने ट्रम्पेटवर सुरावट स्वच्छ कळते, आणि ठेका चालता आहे.

‘ए टेस्ट ऑफ हनी’ या गटाचं १९८१चं रूप संथ आहे, सोबत कोतो हे जपानी तंतुवाद्य. जॅनिस-मरी जॉन्सनने लिहिलेले इंग्रजी शब्द प्रेमभंगाचे आहेत. ‘फोर पीएम’ या गटाने १९९४मध्ये तेच शब्द नुसत्या आवाजांवर गायले. कोतो फार गोड वाजलाय, पण माझं मन तिथे रमत नाही. रोकुसुके एईला मूळ शब्द सुचले ते १९६०मध्ये, अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्धच्या निदर्शनांतून निराश होऊन परतताना. अश्रू ओघळू नयेत म्हणून वर बघत चालू या, असं गाणं म्हणतं. संथ केलं की चालणारा माणूस खाली बसतो.

हीच चूक मी करत होतो. कोमल धैवत सापडल्याच्या आनंदात त्यावर रेंगाळायचो, मींड घ्यायचो. परवा मेट्रोनोम लावून, न थांबता, बाकीच्या सुरांइतकाच वेळ देऊन वाजवला, तेव्हा तो खरा टोचला.

अजून दोन गोष्टी बाकी आहेत. साकामोतोच्या गाण्यात स्वर मधेच किंचित तुटतो. तो तोड मी घशाने श्वास अडवून आणायचा प्रयत्न करतोय, दहातून चारदा जमतो. दुसरी मधली शीळ. ती माउथ ऑर्गनवर वाजवून पाहिली, नको वाटली. तेवढ्यापुरतं वाद्य खाली ठेवून तोंडानेच वाजवणार आहे.

साकामोतो १२ ऑगस्ट १९८५च्या विमान अपघातात गेला, वय त्रेचाळीस. येत्या १२ ऑगस्टला पूर्ण गाणं, शिळेसकट, रेकॉर्ड करून तुम्हाला ऐकवतो.