सपाट जमीन, शून्य उतार आणि नकाशातली पांढरी भोकं

जीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या नकाशांवर, काम करते, पण त्या दिवशीसारखा वेटनेसचा, म्हणजे जमीन कुठे ओली राहील याचा, नकाशा आधी पाहिला नव्हता. एका टीमला सपाट शेतजमिनीत मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर बसवायचे होते, कुठे बसवायचे ते ठरवायला त्यांनी टीडब्ल्यूआय (टोपोग्राफिक वेटनेस इंडेक्स, जमिनीच्या आकारावरून काढलेला ओलाव्याचा अंदाज) काढून घेतलेला आणि तो रास्टर, म्हणजे चौकोनी सेलचा नकाशा, तपासायला माझ्याकडे आला. उघडला तर ठिकठिकाणी पांढरी भोकं, म्हणजे नोडेटा, किंमतच नसलेले सेल, आणि मधून एकमेकांना समांतर अशा सरळ रेघा. पाणी काही पट्टी लावून वाहत नाही, त्यामुळे रेघा बघूनच शंका आली.

भोकांचं कारण सूत्रातच आहे. बेव्हन आणि कर्कबी यांनी १९७९ मध्ये मांडलेला हा इंडेक्स म्हणजे वरून येणारं पाणलोट क्षेत्र, दर मीटर रुंदीमागे, भागिले उताराचा टॅन, आणि त्याचा नॅचरल लॉग. उतार शून्य झाला की भागाकारच होत नाही. म्हणजे बघा, जिथे पाणी साचायची शक्यता सगळ्यात जास्त नेमकी तीच जागा नकाशातून गायब! सेन्सरवाल्यांसाठी याहून वाईट काय असणार.

कोणीतरी सुचवलं की उतारात ०.००१ मिळवून टाका, भोकं बुजतील. बुजतातही, सर्रास करतात लोक. पण मी एक सेल घेऊन आकडे मांडले. डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा रास्टर, ३० मीटरच्या सेलचा, उंची पूर्ण मीटरमध्ये, दशांश नाहीच. वरून १०० सेलचं पाणी येतंय म्हणजे दर मीटर रुंदीमागे ३००० चौरस मीटर येतात. सपाट सेलला ०.००१ धरलं तर इंडेक्स १४.९, ०.०००१ धरलं तर १७.२. आणि तेवढंच पाणी येणाऱ्या पण एक मीटरच्या पायरीवर पडलेल्या शेजारच्या सेलला उतार मिळतो ०.०३३, तिथे इंडेक्स ११.४. ती पायरी जमिनीवर असेलच असं नाही, उंची राउंड केल्यामुळेही येते. म्हणजे नकाशात जो फरक ठळक दिसतोय तो अर्धा आपण निवडलेल्या आकड्याचा आणि अर्धा राउंडिंगचा, जमिनीचा त्यात फार कमी.

रेघांचं मूळ सिंक फिलमध्ये, म्हणजे पाणी अडू नये म्हणून डीईएममधले खड्डे भरण्यात, होतं. खड्डे भरले की मोठे सपाट पट्टे तयार होतात आणि डी-८ पद्धत प्रत्येक सेलचं सगळं पाणी आठपैकी एकाच शेजाऱ्याला देते, मग अशा पट्ट्यात प्रवाह शेजारीशेजारी समांतर धावतात. वांग आणि लिऊच्या फिलमध्ये किमान उतार देता येतो पण तोही जपून द्यावा, ०.१ अंश दिला तर भरलेल्या पट्ट्यात ३ किलोमीटरवर जमीन कागदोपत्री ५ मीटर उचलली जाते, आणि त्यावरून उतार काढला तर तो सॉफ्टवेअरने बनवलेला उतार.

मग सगळं नव्याने केलं. उंची दशांशात देणारा डीईएम घेतला, हलकं स्मूदिंग केलं, फिल केलेला डीईएम फक्त फ्लो अॅक्युम्युलेशनला, म्हणजे प्रत्येक सेलला वरून किती पाणी येतं ते मोजायला, वापरला आणि उतार न भरलेल्यावरून काढला. डी-८ ऐवजी पाणी अनेक शेजाऱ्यांत वाटणारी पद्धत. शिवाय सागा या सॉफ्टवेअरमधला वेटनेस इंडेक्सही चालवून पाहिला, त्यात कमी उताराच्या भागात पाणलोट क्षेत्राची किंमत आजूबाजूला पसरवली जाते त्यामुळे सपाट तळ एकसारखा ओला दिसतो, एका रेघेत कोरडा-ओला असा तुटत नाही. माझ्या मते सपाट भागात सुरुवात यानेच करावी.

तरी एक अडचण उरते आणि ती कुठल्याही टूलने सुटत नाही. या इंडेक्समागचं गृहीतक असं की भूजलाचा उतार जमिनीच्या उताराबरोबर जातो. डोंगरउतारावर ते बऱ्यापैकी चालतं, सपाटीवर पाणी कुठे जाणार हे चर, बांध, रस्त्याचा भराव आणि त्याखालची मोरी ठरवते, आणि ३० मीटरच्या सेलमध्ये यातलं बरंचसं दिसतच नाही. म्हणून जवळच्या ओढ्यापासून जमीन किती उंच आहे, ज्याला हँड म्हणतात, तो थरही जोडीला काढला. तिथे उताराने भागायचंच नसतं.

टीमला वेटनेस आणि हँड असे दोन्ही थर दिले आणि सांगितलं की दोन्हींत ओल्या दिसणाऱ्या जागा आधी घ्या, जिथे थर भांडतात तिथे पाऊस थांबल्यावर स्वतः जाऊन बघा, आणि चर-मोऱ्या जीपीएसवर टिपून आणा म्हणजे पुढच्या वेळी डीईएममध्येच कोरता येतील.