लायका आणि विम्याची फाइल

मी लायका, म्हणजे जर्मनीचा तो महागडा कॅमेरा, घेतला. नवरा ओरडेल, निदान एक-दोन दिवस अबोला तरी धरेल, अशी माझी तयारी होती. उत्तरं पाठ होती. त्याने खोक्याला हातसुद्धा लावला नाही. एवढंच विचारलं, "बिल कुठंय?"

जर्मनीत बरीच वर्षं काढली की मराठी माणसाचं हे असं होतं. त्याने बिलाला दोन भोकं पाडली, ते फाइलला लावलं आणि घरच्या सामानाच्या विम्याचे कागद काढून बसला. थोड्या वेळाने निकाल ऐकवला: घर फोडून चोरी झाली तर भरपाई आहे, रस्त्यात कुणी धमकावून हिसकावला तरी आहे, पण कॅफेत खुर्चीवर ठेवला आणि कुणी गुपचूप उचलून नेला तर एक सेंट मिळणार नाही. "म्हणजे घरातच ठेवलेला बरा," म्हणाला. यात त्याला काही विनोदी वाटलं नाही.

गंमत अशी की ज्या फाइलमध्ये बिल गेलं ती लाइट्झ कंपनीची, आणि लायका जन्माला घातला तेही लाइट्झच. पण फाइलवाले लाइट्झ स्टुटगार्टचे, कॅमेऱ्याचे वेट्झलारचे. एकमेकांशी संबंध नाही. आमच्या घरात मात्र दोघांचेही भक्त आहेत.

मी नवीन घेतलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. लायकाचं एम११ हे मॉडेल नवं घ्यायचं तर नुसत्या बॉडीलाच आठ हजार युरोंच्या वर जातात, लेन्स वेगळी. माझा एम१०, २०१७ साली आलेलं मॉडेल, सेकंडहँड. त्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स, तीही वापरलेली. तरीही रक्कम इथे लिहीत नाही. साताऱ्याला सासूबाई हे वाचतात.

त्यांना कॅमेऱ्याचं कळलंच आहे म्हणा. व्हिडिओ कॉलवर त्यांनी किंमत विचारली, त्यांच्या लेकाने आकडा थोडा कमी करून सांगितला (याबद्दल मी त्याची ऋणी आहे), तरी त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या!" झाल्या असत्या की. आणि बँकेच्या लॉकरमध्ये जाऊन बसल्या असत्या. पाटल्या घेणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही की तू यांचं रोज काय करणार, जुन्या चालल्या नसत्या का, घरात आधीच दोन जोड आहेत ना. सोनं म्हणजे गुंतवणूक आणि कॅमेरा म्हणजे चैन, हे कुणी ठरवलं? बरं, हा माझ्या पगारातून, माझ्या खात्यातून आला. त्यासाठी सुट्टीची एक सहल रद्द केली, तीही मला नकोच होती.

खरी उलटतपासणी रात्री जेवणं झाल्यावर झाली.

"ऑटोफोकस?"
"नाही."
"व्हिडिओ?"
"नाही."
"झूम?"
"नाही रे."
"मग आहे काय यात?"

काय आहे ते दाखवायला मी कॅमेरा त्याच्या डोळ्याला लावला. यात डोळा लावून बघताना आपण लेन्समधून बघतच नाही. कोपऱ्यात वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधोमध एक छोटा उजळ चौकोन दिसतो आणि त्यात समोरच्याची दोन चित्रं, एकमेकांपासून सरकलेली. लेन्सची रिंग बोटाने फिरवत ती एकावर एक आणायची. जुळली की फोकस झाला. फोटो कुठपर्यंत येणार हे पांढऱ्या रेघा सांगतात, पण रेघांच्या बाहेरचंही दिसत राहतं. कोण चौकटीत शिरायच्या बेतात आहे हे आधी कळतं, आणि मी पैसे मोजले ते त्यासाठी. हे सगळं मी रंगात येऊन सांगत होते. नवऱ्याने मात्र एकच शोध लावला: लेन्सवर झाकण असलं तरी खिडकीतून सगळं स्वच्छ दिसतं.

"म्हणजे झाकण लावूनही फोटो निघतो?"
"निघतो. काळा येतो."

त्यानंतर तो बराच वेळ हसत होता. हसू दे. १९५४ साली लायकाच्या एम३ सोबत जे माउंट (लेन्स अडकवायची जागा) आलं, तेच आजच्या डिजिटल बॉडीला आहे. आजोबांच्या काळातली लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बसते. दर तीन वर्षांनी फोन बदलणाऱ्या माणसाने मला उधळपट्टी शिकवू नये.

वेट्झलार आमच्या फ्रँकफुर्टहून रेल्वेने तासाभरावर. तिथल्या लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नाकला दम्याचा त्रास होता, काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे वाहणं झेपेना, म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला, लायकाचा मूळ नमुना. हे १९१४ च्या सुमाराचं. लोकांनी कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यावर उतरावं, ही सोय याच देशाने जगाला करून दिली. आणि याच देशात रस्त्यावरच्या माणसाचा फोटो काढायची चोरी!

माइन नदीच्या काठी शनिवारी जुना बाजार भरतो. एक आजोबा पितळी कड्या-कुलुपं मांडून बसले होते. ऊन बोटांवर, बोटं पितळेवर. मी काढला. त्यांनी खूण करून बोलावलं, मागच्या स्क्रीनवर फोटो नीट पाहिला, "छान आलाय" म्हणाले आणि पुढे तितक्याच शांतपणे, "आता पुसून टाका." पुसला. मग त्यांनी मला एक कडी दोन युरो कमी करून दिली. आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

नवऱ्याला कायदा पाठ होताच. १८९८ मध्ये जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क गेला, तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री त्याच्या खोलीत घुसले, मृतदेहाचा फोटो काढला आणि विकायला निघाले. प्रकरण कोर्टात गेलं, देशभर गाजलं आणि पुढे १९०७ च्या कायद्यात माणसाला स्वतःच्या चित्रावर हक्क मिळाला. आजही तेच कलम: ज्याचा फोटो, त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही. सभा-मिरवणुकांना सवलत, देखाव्यात कुणी सहज येऊन गेला असेल तरी सवलत. कायदा बोलतो ते मुख्यतः प्रसिद्ध करण्याबद्दल, पण लोकांना काढलेलाही आवडत नाही. ट्राममध्ये कॅमेरा नुसता मांडीवर असला तरी समोरची बाई अंग चोरून बसते.

आपल्याकडे उलट. साताऱ्याच्या मंडईत कॅमेरा काढला की भाजीवाली मावशी आधी पदर सारखा करते, मग शेजारणीला ओढून उभी करते. वारीत तर "ताई, आमचा पण एक" म्हणत अख्खी दिंडी थांबते. ती मोकळीक मला इथे रोज आठवते. यावर नवरा विचारतो, "आणि जे 'नको' म्हणत नाहीत, त्यांना तू कधी विचारलंयस?" हा माणूस आपल्या बाजूचा आहे की त्यांच्या, हे मला अजून कळलेलं नाही.

डिसेंबरात घरी यायचं आहे. परतताना विमानतळावर कस्टमवाल्यांनी हटकलं तर कॅमेरा मूळचा जर्मनीतलाच हे दाखवता यावं, म्हणून त्याने बिलाच्या प्रती काढून दोन्ही बॅगांत टाकल्यात. एक माझ्या पर्समध्येही.

परवा तो खिडकीपाशी बसून ती फाइल चाळत होता तेव्हा मी त्याचा फोटो काढला. फोकस अगदी डोळ्यांवर, उजेड अर्ध्या चेहऱ्यावर; आजवरचा माझा सगळ्यात चांगला. ब्लॉगवर टाकू का विचारलं, तर म्हणाला, "लेखी परवानगी लागेल."

अर्ज दिला आहे.