संत्र्याची साइट, एआय एजंट आणि पाऊण तास

काटोलला माझ्या मामेभावाची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचा सगळाच माल नागपूरच्या कळमना बाजारात न नेता थोडा पुण्या-मुंबईच्या घरांमध्ये पेटीने पाठवावा, असं त्याच्या मनात आलं आणि मी त्याला एक साइट बांधून दिली. ती गूगलच्या क्लाउड रनवर, म्हणजे गूगलच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालते, मुंबई रीजनमध्ये. ऑर्डरी गूगलच्याच फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये जमा होतात. मी नागपुरात खामल्याला राहतो, दिवसा नोकरी करतो. साइटचं जे काही असेल ते जेवणानंतर.

या डिसेंबरात मामेभावाची, म्हणजे दादाची, एकच तक्रार होती: सकाळी पहिला गिऱ्हाईक आला की पान उघडायला फार वेळ लागतो. त्याचं कारण मला माहीत होतं. रात्रभर कोणी फिरकलं नाही की क्लाउड रन इन्स्टन्स (साइटच्या चालू प्रती) शून्यावर आणतं आणि सकाळच्या पहिल्या पाहुण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून चूल पेटवतं. किमान इन्स्टन्स १ केला की प्रश्न मिटतो. तो रिकामा बसला तरी कमी दराने का होईना मीटर चालू राहतं, पण दादा म्हणाला लाव. त्याच वेळी मेमरी ५१२ एमबीवरून १ जीबी करायची होती. शिवाय शेवटच्या डिलिव्हरीच्या तारखेचं एक नवं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे ॲपला बाहेरून दिलेलं नाव-किमतीचं सेटिंग, घालायचं होतं.

एरवी मी कन्सोलवर, म्हणजे गूगल क्लाउडच्या वेबसाइटवर, जाऊन चार पानं पालथी घालतो. पण महिनाभर टर्मिनलमध्ये एक एआय एजंट वापरत होतो. तो जीक्लाउडच्या (गूगल क्लाउड चालवायच्या टूलच्या) कमांड स्वतः लिहितो, चालवण्याआधी परवानगी मागतो. तीन कामं त्याला सरळ मराठीत सांगितली. त्याने एक लांबलचक ओळ समोर ठेवली. शेवटी '--सेट-एन्व्ह-व्हार्स' आणि पुढे ती तारीख. मी तारीख बरोबर आहे का तेवढं पाहिलं आणि 'हो' दाबलं. ९ वाजून ४० मिनिटं झाली होती. एजंटने तीन हिरव्या टिका लावून काम फत्ते झाल्याचं कळवलं. मी साइट उघडून पाहिली, पान झटकन आलं. लॅपटॉप मिटला.

सव्वादहाला दादाचा फोन. "काहून बे, गिऱ्हाईक पैसे द्याले तयार आहे अन् तुही साइट घेत नाही!"

लॉग (साइटच्या नोंदी) उघडले तर पेमेंटच्या पानावर एररची लाल रांग. पेमेंटची की, म्हणजे पैसे घेण्यासाठी लागणारा गुप्त कोडच, सापडत नव्हती. त्या ओळीतल्या 'सेट'चा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला. सेट म्हणजे आधीचं सगळं पुसून फक्त हे ठेव. जुनं राखून नवं घालायचं तर '--अपडेट-एन्व्ह-व्हार्स' लागतं. माझी नऊ व्हेरिएबल्स गेली, उरली एक तारीख. बरं, ॲप सुरू होतानाच कोसळलं असतं तर क्लाउड रनने नवी रिव्हिजन (प्रत्येक बदलानंतर बनणारी आवृत्ती) नापास करून जुनीच चालू ठेवली असती. पण फायरस्टोअरला वेगळा पत्ता लागत नाही, ॲप सुरळीत उठलं, पहिलं पानही दिसलं. क्लाउड रनच्या लेखी सगळं ठणठणीत, म्हणून शंभर टक्के ट्रॅफिक, म्हणजे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक, नव्या रिव्हिजनवर.

एजंटला विचारलं तर त्याने शांतपणे चूक कबूल केली. जिवात जीव एवढ्यासाठी आला की क्लाउड रनची जुनी रिव्हिजन बदलत नाही, तिच्यात नऊही व्हेरिएबल्स जशीच्या तशी होती. ट्रॅफिक तिच्यावर वळवायला अर्धं मिनिट लागलं. १० वाजून २५ मिनिटांनी पैसे जायला लागले.

खरा वेळ त्यानंतर गेला. जुन्या रिव्हिजनमधून नऊ नावं काढून एजंटकरवी 'अपडेट'ने परत घातली, या वेळी एकेक नाव बोटाने मोजत. नवी रिव्हिजन झाली, टिका लागल्या, पण साइटवर तारीख दिसेना. कॅश पुसली, मोबाइलवर पाहिलं, बायकोच्या मोबाइलवर पाहिलं. तिने विचारलं, "आता कोणाची साइट?" बारा वाजत आले तेव्हा ट्रॅफिकचा रकाना पाहिला. मघाशी मीच ते एका ठराविक रिव्हिजनला बांधून ठेवलं होतं. असं एकदा बांधलं की त्यानंतरच्या रिव्हिजन तयार होतात, पण त्यांच्याकडे कोणी जात नाही. '--टू-लेटेस्ट' म्हणून सोडवावं लागतं. सोडवलं, तारीख आली.

या सगळ्यात नऊही व्हेरिएबल्स किमतींसकट एजंटच्या संवादात उघडी पडली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी पेमेंटची की बदलली आणि नवी सीक्रेट मॅनेजरमध्ये, गूगलच्या गुप्त माहितीच्या तिजोरीत, ठेवली. एजंटला आता वेगळं सर्व्हिस अकाउंट (प्रोग्रॅमसाठीचं खातं) दिलंय, फक्त बघण्यापुरतं. तो आधी चालू सेटिंगची यॅमल (YAML) फाइल काढतो, बदल करून दोन्हींतला फरक दाखवतो. कमांड मी चालवतो, तीही '--नो-ट्रॅफिक' आणि एक टॅग लावून, म्हणजे नव्या रिव्हिजनकडे गिऱ्हाईक जात नाही. टॅगमुळे तिला वेगळा पत्ता मिळतो, तिथे स्वतः एक पेटी मागवून पैसे भरून बघतो आणि मगच ट्रॅफिक सोडतो. दहा मिनिटं जास्त जातात. दादाला ही उलाढाल समजत नाही, पण दर वेळी माझ्या नावाची एक खरी ऑर्डर येते याचा त्याला राग नाही.

त्या पाऊण तासात सात जणांची ऑर्डर नोंदली गेली होती, पैसे मात्र गेले नव्हते. फायरस्टोअरमधून त्यांचे नंबर काढून दादाला दिले. त्याने सकाळी बागेतूनच एकेकाला फोन लावले. पाच जणांनी तिथल्या तिथे पैसे पाठवले. एकाने दुसरीकडून घेतली होती. सातव्या होत्या ठाण्याच्या एक काकू. त्यांनी साइट का बंद होती हे विचारलंच नाही. मागच्या पेटीत दोन फळं दबलेली निघाली, त्याचं काय, एवढंच त्यांनी दादाला वीस मिनिटं ऐकवलं.