रंकाळा ट्रॅक: वळणं बसली, आता फुटबॉलचं मैदान

मंडळी, सुपरटक्सकार्ट या छोट्या कार्ट गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर ट्रॅक करतोय, त्याची ही ताजी खबर. ड्राइव्हलाइन (कॉम्प्युटरच्या गाड्यांची वाट) पूर्ण झाली, चेकलाइन (फेरी धरायच्या रेषा) बसल्या आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या भाच्यांच्या टोळीनं ट्रॅक मनसोक्त पळवून पाहिला.

ग्रुपात नव्यानं आलेल्यांसाठी थोडं सांगतो. स्टीव्ह बेकर यांचा टक्सकार्ट हा जुना गेम. त्यावरून सुपरटक्सकार्ट निघाला, पण मधे काम पार बंद पडलं होतं. २००६ च्या सुमारास योर्ग हेनरिक्स आणि सहकाऱ्यांनी ते पुन्हा उचललं. २०१९ मध्ये १.० आवृत्ती आली आणि ऑनलाइन शर्यत सुरू झाली. गेम फुकट, कोड खुला, आणि ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर येत असेल तर आपला ट्रॅक आपण बनवायचा. मला हा गेम एवढा जवळचा वाटतो तो यामुळेच.

आता रंकाळा. खऱ्या तलावाभोवतीचा रस्ता फिरायला झकास आहे, पण शर्यतीला नाही. लांबच लांब काठ आणि सावकाश वळणारा रस्ता. ॲक्सिलरेटर दाबून नुसतं बसायचं. इथं मला सुपर मारिओ कार्टचा इतिहास उपयोगी पडला. निन्टेंडोच्या मंडळींना एफ-झिरो या आपल्याच वेगवान शर्यतीच्या गेमसारखीच, पण दोघांनी एकत्र खेळायची शर्यत करायची होती. स्क्रीन दोघांत वाटली की त्या मशीनला लांब, सरळ, भन्नाट वेगाचे ट्रॅक झेपेनात. म्हणून ट्रॅक आटोपशीर आणि वळणावळणाचे झाले, आणि त्यांवर कार्ट शोभून दिसल्या. १९९२ साली आलेल्या त्या गेमच्या ८७ लाखांवर प्रती खपल्या. कार्टच्या शर्यतीचा जीव वळणात आहे, हे मी तिथूनच घेतलं. त्यामुळे माझ्या रंकाळ्याचा आकार खऱ्या रंकाळ्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि तो जुळवणारही नाही.

शालिनी पॅलेससमोरून सुटायचं, चौपाटीवरून भेळेच्या गाड्यांमधून नागमोडी जायचं आणि मग खाली तलावातल्या दगडी संध्यामठात उतरायचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मठ उघडा पडतो, म्हणून ट्रॅकवर कायम मे महिना ठेवलाय. दगडी खांबांमधून जाणारं हे वळण मी सगळ्यात जास्त घोटलंय. आत शिरताना रस्ता चिंचोळा, बाहेर पडताना रुंद. स्किडचं बटण दाबून वळलं की कार्ट बाहेरच्या अंगाला सरकत जाते. बटण जितका वेळ धरून ठेवाल तितका सोडल्यावर मिळणारा धक्का मोठा. शेवटच्या खांबाला घासून गाडी सरळ होते तेवढ्यात बटण सुटलं पाहिजे. जरा उशीर झाला की थेट पाण्यात. पाण्याला रिसेट लावलाय, त्यामुळे गाडी उचलून परत रस्त्यावर येते, पण तोवर दोघंतिघं पुढं निघून गेलेले असतात.

ड्राइव्हलाइन म्हणजे रस्त्यावर अंथरलेली चौकोनांची अदृश्य माळ. कॉम्प्युटरचे गडी तिच्यावरून वाट काढतात आणि कोण कितवा हेही गेम तिच्यावरूनच ठरवतो. खांबांपाशी चौकोन लहान लहान केले, तेव्हा कुठं ते गडी दगडाला धडकायचे थांबले. चेकलाइनचं काम वेगळं: ठरलेल्या रेषा ओलांडल्याशिवाय फेरी धरलीच जात नाही. पोरांनी चौपाटीच्या मागून एक चोरवाट हुडकली होती, ती एका चेकलाइननं बंद झाली. मठाच्या पायऱ्यांवरून उडी मारणारी दुसरी वाट मात्र ठेवली. ती अवघड आहे, जमली तर बक्षीस मिळायलाच हवं.

भेटीचे खोके उतारावर ठेवलेत. मागं पडलेल्याला जोरदार वस्तू मिळायची शक्यता जास्त असते, त्यामुळे उतारावर चुरस परत पेटते. केळ्याच्या साली मात्र मठात एकही नाहीत. तिथं हरायचं तर स्वतःच्या हातानं हरावं.

पोरांचा निकाल? थोरला भाचा म्हणाला, "मामा, मठात लई मजा येतीया, पण रंकाळा टॉवरकडचा रस्ता लांबड लावतोय." बरोबर बोलला. तो पट्टा आता आखडतोय. धाकटीला शर्यतीपेक्षा जुन्या दगडी नंदीभोवती गोल गोल फिरण्यात रस होता. तिच्यासाठी तिथं वेग वाढवणाऱ्या नायट्रोच्या दोन बाटल्या ठेवल्यात.

पुढचं काम सॉकर मोडचं मैदान. लाल आणि निळा असे दोन संघ कार्टनं भलामोठा चेंडू ढकलत गोल करतात, आणि पेठापेठांत फुटबॉलवरून जीव टाकणाऱ्या कोल्हापुरात हे मैदान व्हायलाच पाहिजे. शाहू स्टेडियमसारखी गॅलरी उभी राहतेय. मैदानाला ड्राइव्हलाइन चालत नाही, नॅव्हमेश लागतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या गड्यांना कुठं फिरता येईल ते सांगणारी अदृश्य जाळी. ज्यांनी तो केलाय त्यांनी कृपया सांगा: गोलच्या तोंडाशी ही नॅव्हमेशची जाळी किती दाट ठेवता? आणि जुना लॅपटॉप असलेल्यांनी मठाचं वळण जरूर चालवून पाहा. खांबांच्या सावल्यांनी गेम अडखळतो का, ते मला कळवा.