आमची वाटचाल : बिघडलेल्या फाइलींचं दुकान

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आम्ही दुकान टाकलं ते कॉम्प्युटर आणि प्रिंटर विकायला. डेटा दुरुस्तीकडे आम्हाला वळवलं लोडशेडिंगने. तेव्हा अडत दुकानांत सगळा कारभार फॉक्सप्रोवर, म्हणजे नोंदी ठेवायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरवर, चालायचा. हळदीचे सौदे, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब), हमाली-तोलाई, खरेदीदारांची उधारी, सगळं त्यातच. ऐन पट्टी करताना लाईट जायची, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असायची. लाईट आल्यावर पडद्यावर एरर, आणि आम्हाला फोन : "अहो, सॉफ्टवेअर उडालं, परत टाकून द्या."

परत टाकून काही होत नसे. प्रोग्रॅम धडधाकट असायचा, जखम डीबीएफ फाइलला, म्हणजे मूळ नोंदी असलेल्या फाइलला, झालेली असायची. या फाइलच्या सुरुवातीला, हेडरमध्ये, एकूण नोंदी किती हा आकडा असतो. नोंद लिहिली गेली पण आकडा बदलायच्या आत लाईट गेली, की फाइलची लांबी एक सांगते आणि हेडर दुसरंच. व्हिज्युअल फॉक्सप्रो 8 पासून फाइल उघडतानाच ही तपासणी होते आणि 2091 नंबरची एरर येते. उपाय शाळेतल्या भागाकाराचा : फाइलच्या लांबीतून हेडरची लांबी वजा करा, उरलेल्याला एका नोंदीच्या लांबीने भागा, येईल तो पूर्णांक हेडरमध्ये लिहा. सीडीएक्स, म्हणजे इंडेक्सची (नोंदी पटकन शोधायच्या सूचीची) फाइल बिघडली असेल तर आणखी सोपं, ती काढून नवी बनवायची. तिच्यात स्वतःचं असं काही नसतं, सगळं डीबीएफवरूनच आलेलं. खरी डोकेदुखी एफपीटीची. मेमोचा, म्हणजे शेऱ्यासारखा लांब मजकूर तिच्यात असतो आणि डीबीएफमध्ये नुसता त्याचा पत्ता; पत्ता चुकला की एकाचा शेरा दुसऱ्याच्या खात्यावर.

तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न ठरलेला : बिघाड इंडेक्सला आहे की मूळ नोंदींना? त्याच्याही आधी, पूर्ण फोल्डरची कॉपी वेगळ्या डिस्कवर. टॅली ईआरपी 9 हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आल्यावर कंट्रोल-ऑल्ट-आर ही रीराइटची, म्हणजे डेटा नव्याने लिहून दुरुस्त करायची युक्ती प्रत्येक अकाउंटंटला पाठ झाली. युक्ती चांगली, पण लोक ती मूळ डेटावरच तीन-चारदा चालवतात आणि मग आमच्याकडे येतात.

2017 मध्ये जीएसटी आला आणि जुने फॉक्सप्रो प्रोग्रॅम भराभर गेले. आता काम येतं एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचं, जास्त करून पतसंस्थांचं. डेटाबेसवर 'सस्पेक्ट' (संशयास्पद) असा शिक्का, नाहीतर एरर 824, म्हणजे 8 केबीचं एक पान वाचलं पण ते आतून जुळत नाही. चेकडीबी ही तपासणीची कमांड चालवली की पान नंबर आणि इंडेक्स आयडी कळतो. आयडी 1 पेक्षा मोठा असेल तर आम्ही निवांत. तो इंडेक्स पाडून पुन्हा उभा करता येतो. 0 किंवा 1 असेल तर मात्र जखम थेट नोंदींना आहे.

अशा वेळी बरेच जण 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' ही दुरुस्तीची कमांड चालवून मोकळे होतात. डेटा जाईल हे तिच्या नावातच लिहिलंय. खराब पान ती सरळ टाकून देते. डेटाबेस उघडतो, मॅनेजर खूश, आणि संध्याकाळी तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळत नाही. एका पानावर डझनावारी ठेवीदारांच्या नोंदी असू शकतात. त्यामुळे आम्ही आधी बॅकअप मागतो, तो कितीही जुना असला तरी. मधल्या दिवसांच्या नोंदी छापील किर्दीवरून भरून घेता येतात. बॅकअप नसेलच तर कोणती खाती धोक्यात आहेत ते शोधून, कागदावर लिहून, सही घेतल्याशिवाय ती कमांड आमच्याकडे चालत नाही. यापायी काही कामं हातची गेली. गेली तर गेली.

ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर भिजलेल्या हार्डडिस्क घेऊन लोक आले. त्या आम्ही सुरूही केल्या नाहीत; ते काम क्लीन रूमवाल्यांचं, म्हणजे धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्यांचं.

सध्याचं नवं दुखणं म्हणजे चालू डेटाचं फोल्डर ऑनलाइन सिंकमध्ये ठेवून दोन ठिकाणांहून त्यावर काम करणं. बॅकअपची कॉपी तिथे जरूर ठेवा, चालू फाइल नको. आणि आमच्याकडे येताना एसक्यूएल सर्व्हरच्या एमडीएफ (मूळ डेटाची फाइल) बरोबर एलडीएफ (व्यवहारांच्या लॉगची फाइल) ही आणा. मार्चअखेरीला आम्ही कॉम्प्युटर विक्री बंद ठेवतो, फक्त अडलेल्या फाइली घेतो.