नागपूर गप, पावसाचा ऊस

"ताई, राजकारणाच्या बातम्यांत 'गप' एवढ्या वेळा कशाला येईल?"

लॅबमध्ये नुकत्याच आलेल्या एम.टेक.च्या मुलीने, संगणकाने काढलेल्या शब्दांच्या यादीत 'गप' पाहून, हे विचारलं तेव्हा मी माझ्या शोधनिबंधातला, म्हणजे पेपरातला, तक्ता दोन कॉलमांत कोंबत होते. लक्ष अर्धंच. "विरोधकांना गप केलं, गप बसवलं, असं असणार," म्हटलं. ती नागपूरची. म्हणाली, "आमच्याकडे तर चूप म्हणतात. आणि मथळ्यात असं कोण लिहितं?"

मला जरा रागच आला. दाखवूनच देते म्हणून मूळ फाइलीत 'गप' शोधला. सुटा शब्द म्हणून तो जवळजवळ नव्हताच. मग ज्या मथळ्यांतून तो उचलला गेला होता, ते छापून पाहिले. नागपूर. नागपूरला. नागपुरात अधिवेशन. एकाखाली एक, पडदाभर.

माझं पीएच.डी.चं काम थोडक्यात असं, की मराठी बातमीचा नुसता मथळा देऊन विषय ओळखायचा: राजकारण, शेती, हवामान, खेळ. आपण केलेलं नवं मॉडेल, म्हणजे विषय ओळखणारा प्रोग्रॅम, चांगलं म्हणायचं तर तुलनेला जुनी साधी पद्धत लागते. तिला बेसलाइन म्हणतात. आमची बेसलाइन शब्द मोजायची आणि कोणता शब्द कोणत्या विषयाकडे किती झुकतो ते शिकायची. माझं मॉडेल तिच्या ११ टक्के पुढे होतं. पेपरचा सगळा डोलारा त्या ११ वर उभा होता.

शब्द मोजायचे तर आधी वाक्य तोडावं लागतं, आणि घोळ तिथे होता. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'शब्दातलं अक्षर' यासाठी बॅकस्लॅश डब्ल्यू ही खूण वापरतात. तिच्या लेखी अक्षर म्हणजे मुळाक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या सगळ्या लिप्यांच्या तक्त्यात, आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह हे सगळं 'अक्षर' नाही, 'जोडचिन्ह' या गटात आहे. म्हणजे काना आला की शब्द संपला! वर आमच्या कोडमध्ये इंग्रजीच्या सवयीने अट होती, की एका अक्षराचे तुकडे टाकून द्या.

त्या चाळणीतून मराठी कशी बाहेर पडते ते मी त्या संध्याकाळी शब्द घालघालून पाहिलं. शेतकरी घातला, 'तकर' आलं. सरकारचं 'सरक'. निवडणूक घातली तर 'वडण'. मुंबईची 'बई' झाली. पुणे, नाशिक, पाणी, कांदा, क्रिकेट यांचं काहीच उरलं नाही. क्रिकेट हा शब्द ज्याला दिसत नाही तो खेळाची बातमी ओळखणार कशी? आणि अशा आंधळ्या गड्याला चितपट करून मी शड्डू ठोकत होते.

कोड माझा नव्हता. लॅबच्या सामाईक फोल्डरमध्ये एका सीनियरने ठेवलेली ती स्क्रिप्ट तीन बॅचेसनी वापरली आहे. त्याला फोन केला. "अगं, मीपण कुठलं तरी इंग्रजीचं कोड उचललं होतं. चालत होतं ना?" चालत होतं, हे खरंच. लाल अक्षरात एरर आली असती तर कुणीतरी पाहिलं असतं. इथे प्रत्येक वेळी आकडा येत होता, आणि कमी आकडा पाहून आम्ही म्हणायचो, मराठीला विभक्तिप्रत्यय फार, जुन्या पद्धतींना झेपत नाही.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क आहे, त्यात संशोधन पद्धतीचा पेपर सक्तीचा. आमच्या वर्गात रसायनवाले, वाणिज्यवाले, आम्ही, सगळे एकत्र. आम्ही प्रश्नावल्या तयार केल्या, काय-स्क्वेअरची संख्याशास्त्रातली गणितं सोडवली, शून्य गृहीतकाची व्याख्या पाठ केली. मला त्यात चांगले मार्क आहेत. तुलनेच्या दोन्ही बाजूंना सारखं खायला मिळालंय का ते उघडून बघा, हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही. सांगितलं असतं तरी मी वहीत उतरवून घेतलं असतं, इतकंच.

माझे मार्गदर्शक सर रडारड ऐकून घेत नाहीत. "बेसलाइन नीट करून पुन्हा चालव, मग रड." केली. देवनागरीचा पूर्ण पट्टा, युनिकोडच्या तक्त्यात ०९०० ते ०९७एफ, दंड वगळून, शब्दात धरला. एका ओळीचा बदल. रात्री चालवून पाहिलं तर ११ची आघाडी १च्याही आत आली. माझं मॉडेल पाच वेगवेगळ्या सीडवर, म्हणजे सुरुवातीचे यादृच्छिक आकडे बदलून, चालवलं, तर त्याच्या स्वतःच्याच निकालांत त्याहून जास्त चढउतार होता.

पेपर गेला, त्याचं वाईट वाटलंच. पण झोप उडाली ती उसामुळे.

सहा महिन्यांपूर्वी संशोधन सल्लागार समितीपुढे मी एक स्लाइड दाखवली होती: हवामानाच्या बातम्या ओळखताना बेसलाइनला सर्वांत उपयोगी पडणारे शब्द. त्यात 'ऊस' वर होता. मी सांगलीकडची. उसाबद्दल मला कोण शिकवणार? मी छान समजावून सांगितलं, की पाऊस झाला की शेतात वाफसा राहत नाही, गाड्या आत जात नाहीत, तोडणी थांबते, म्हणून आपल्याकडे ऊस आणि हवामान मथळ्यांत जोडीने येतात. बाहेरून आलेले सदस्य स्वतः ऊस लावणारे निघाले. माना डोलल्या. अहवालात शेरा आहे: 'स्थानिक संदर्भासह विश्लेषण चांगले.'

तो ऊस नव्हताच. पाऊस होता. काना आडवा आला, 'पा' गळला, 'ऊस' राहिला. तोडणीबद्दल मी बोलले ते खोटं नव्हतं, फक्त त्या आकड्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

आणि त्याच यादीत, उसाच्या लगेच खाली, 'वस' होता. पावसाचा, पावसाने, पावसात या सगळ्यांचा तो उरलेला भाग. तेव्हा त्याचं काही स्पष्टीकरण सुचेना, म्हणून मी ती ओळ स्लाइडवरून काढून टाकली होती. कुणी सांगितलं नव्हतं. माझी मीच.

समिती पुढच्या महिन्यात पुन्हा बसते आहे. आधी नवं काय केलं ते दाखव, जुनं मागून काढ, असं सर म्हणतात. मी पहिली स्लाइड तीच ठेवली आहे, 'वस'सकट.