वडिलांची बंदूक माझ्या नावावर करताना: घर ते पोलीस ठाणं ते शेत

आमच्याकडे शेती संरक्षणाच्या लायसनवर बारा बोअरची एकनळी बंदूक होती, वडिलांच्या नावावर. तळकोकणात हे काही नवीन नाही, वाडीत दोन-चार घरं सोडली की एक बंदूक सापडते, कुणाची ठासणीची, कुणाची काडतुसी. डुक्कर भातात शिरतं, माकडं नारळ पाडतात, मग रात्री एखादा बार काढायचा, आवाजाने पळतात, पुन्हा चार दिवसांनी येतात, असं वर्षानुवर्षं चाललेलं. वडील 2023 ला शिमग्यानंतर गेले आणि ती बंदूक माझ्या नावावर करायची वेळ आली. त्यातली कागदपत्रं कुठेही विचारली तरी कळतील, पण बंदूक एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना काय काय होऊ शकतं हे मात्र कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिला प्रश्न तर दिवस-कार्य आटोपल्यावर लगेचच आला. माणूस गेला की त्याचं लायसन तिथेच संपतं आणि बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे विनाकारण उशीर न करता जमा करायची असते, आर्म्स ॲक्टचं कलम 21 आहे ते. आता जमा करायची म्हणजे कुणीतरी नेली पाहिजे ना. चुलते म्हणाले गाडीत टाक आणि देऊन ये, पंधरा मिनिटाचं काम. मी निघणारच होतो, पण म्हटलं आधी पोलीस पाटलांना विचारून घेऊ. ते ओरडलेच, "लायसन बापाशीच्या नावार होता, तुझ्या नाय. खांद्याक लावन निघालस तर वाटेत तुकाच धरतले."

आणि बरोबर होतं त्यांचं. वडील असताना गोष्ट वेगळी होती, कायद्यात अशी सोय आहे की लायसनवाला सोबत असेल किंवा त्याने लिहून दिलं असेल तर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी, लायसनच्या नूतनीकरणासाठी किंवा लायसनवाल्यालाच वापरायला म्हणून बंदूक नेऊ शकतो. पण लिहून देणाराच राहिला नाही तर ते पत्र कुणाचं? म्हणजे मी चांगल्या मनाने जमा करायला निघालो तरी कागदावर मी विनापरवाना बंदूक बाळगणारा माणूस, आणि त्याला 2019 च्या दुरुस्तीपासून कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. जमा करायला निघालेल्याला कोर्ट खरंच शिक्षा देईल का, बहुतेक नाही, पण कोर्टापर्यंत जायचं कशाला? नाक्यावर अडवणारा हवालदार आपल्या मनात काय आहे ते बघत नाही, हातात काय आहे ते बघतो.

मग पाटलांनी सांगितलं तसं केलं. ठाण्यात साधा अर्ज दिला की वडील अमुक तारखेला मयत झाले, घरात अमुक नंबरची बंदूक आणि एवढी काडतुसं आहेत, ताब्यात घ्यावीत. सोबत मृत्यूचा दाखला आणि लायसनच्या पुस्तकाची झेरॉक्स. दोघे पोलीस घरी आले, पाटलांच्या समोर पंचनामा झाला. तिथे एक गंमत झाली. नळीवरचा नंबर एवढा झिजलेला की शेवटून दुसरा आकडा तीन की आठ ते कुणालाच कळेना, पुस्तकात तीन आणि पोलिसांच्या जुन्या रजिस्टरला आठ. माझा मुलगा शाळेच्या दप्तरातून खडू घेऊन आला, त्यातल्या एका पोलिसाने तो नंबरवर आडवा घासला, बोटाने पुसला, आणि खाचेत राहिलेल्या पांढऱ्यात स्पष्ट तीन दिसला. लगेच फोटो काढून ठेवला. तो फोटो नसता तर पुढे अर्जात कुठला नंबर घालायचा यावरच अडकलो असतो. ज्यांच्या घरी जुनी बंदूक आहे त्यांनी आजच पुस्तकातला नंबर आणि नळीवरचा नंबर जुळवून बघा, खरंच.

जमा केल्याची पावती घ्या, पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून घ्या. आमच्याकडच्या पावसाळ्यात बंद खोलीत ठेवलेलं लोखंड कसं होतं ते सांगायला नको. मी आधीच नळीत तेलाचा बोळा फिरवून दिला होता तरी परत मिळाली तेव्हा कुंद्याला, म्हणजे मागच्या लाकडी दस्त्याला, बुरशी होतीच.

नावावर करायचं काम त्यामानाने सरळ. आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे वारसाला लायसन देण्याची वेगळी तरतूद आहे, लायसनवाला गेल्यावर तर मिळतंच पण तो सत्तरीचा झाला किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून झाली तर हयातीतही वारसाच्या नावावर करता येते. हे वडिलांना आधी कळलं असतं तर मधली जमा करायची भानगडच झाली नसती. माझ्याकडून फॉर्म ए-1, बहिणींची आणि आईची ना हरकत प्रतिज्ञापत्रं, सातबारा, डॉक्टरचं सर्टिफिकेट, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि घरात सुरक्षित ठेवीन असं लिहून दिलेलं हे सगळं गेलं. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, शहरात कमिशनर असतील तिथे त्यांच्याकडे. पोलीस चौकशीत विचारलं ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं, "जमिनीवरून कुणाशी वाद आहे का?"

होता ना. कोकणात कुणाचा नसतो. आमच्या चुलत घराशी पायवाटेवरून जुनं भांडण, कोर्टात काही नाही पण बोलणं नाही. मी खरं ते सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. लायसन मिळालं तेव्हा आईचं पहिलं वाक्य हे की "ती बंदूक घेवन तेंच्या दारासमोरसून जाव नको." शेताची जवळची वाट त्यांच्या खळ्यासमोरूनच जाते. उद्या मी काहीही न बोलता नुसता खांद्यावर टाकून गेलो आणि त्यांनी तक्रार दिली की बंदुकीचा धाक दाखवला, तर मी नाही हे सिद्ध करत कुठे बसू? धमकीचा गुन्हा राहिला बाजूला, नुसत्या रिपोर्टवर कलम 17 खाली लायसन निलंबित होऊ शकतं आणि बंदूक पुन्हा ठाण्यात. 2024 मध्ये मुळशीचा तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, जमिनीच्या वादात पिस्तूल हातात धरून शेतकऱ्यांना दम देणारी बाई, व्हिडिओ आदल्या वर्षीचा होता तरी अटक झालीच. तेव्हापासून मी लांबच्या वाटेने जातो, ओढ्याच्या कडेने, दहा मिनिटं जास्त लागतात.

आणि खांद्यावर टाकून तर कुठूनच नाही. नियम असा आहे की सार्वजनिक जागी बंदूक न्यायची तर तिच्यासाठी बनवलेल्या कव्हरात, पूर्ण झाकलेली, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर ताबा पाहिजे. एकनळीचे तीन भाग सुटतात, नळी, खालचा लाकडी भाग आणि दस्ता, मी सुटे करूनच कव्हरात भरतो, काडतुसं वेगळ्या पिशवीत, आणि लायसनचं पुस्तक ओरिजिनल, झेरॉक्स नाही. ठाण्यातून पहिल्यांदा घरी आणताना वाटेत नाकाबंदीला थांबवलंच. मी आधी सांगितलं की कव्हरात बंदूक आहे, रिकामी आहे, लायसन खिशात आहे, काढू का? त्याने पुस्तक बघितलं, नंबर बघितला, सोडलं. आधी न सांगता पिशवीची चेन उघडायला गेलो असतो तर तो प्रसंग वेगळा झाला असता.

ट्रेनिंगमध्ये नेम वगैरे फार नव्हतं, जे होतं ते बंदूक घेऊन चालण्याचं होतं, आणि मला तेच सगळ्यात उपयोगाचं वाटलं. आमच्याकडे दर शेताला चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडाची बुटकी भिंत. भरलेली बंदूक हातात घेऊन गडगा चढायचा म्हणजे अपघाताला आमंत्रण, पाय घसरतो, घोडा दगडाला लागतो, बार उडतो. शिकवणाऱ्याने करून घेतलं ते असं: गडग्याशी थांबायचं, नळी मोडायची म्हणजे सांध्यावर वाकवून उघडायची, काडतूस काढून खिशात, बंदूक उघडी ठेवूनच गडग्यावर आडवी, तोंड आपल्यापासून लांब, मग आपण रिकाम्या हाताने चढून पलीकडे उतरायचं, मग उचलायची. रात्री, पावसात, डुकराचा आवाज येत असताना हे सगळं करायला जिवावर येतं हे खरंय. पण 1 ऑक्टोबर 2024 ला अभिनेता गोविंदाला घरातल्या घरात स्वतःच्या लायसनच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, तिथे ना गडगा होता ना चिखल.

दुसरी गोष्ट, अंधारात सळसळीवर बार नाही म्हणजे नाही. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या कोकणाला नव्या नाहीत, आणि बहुतेक वेळा मारणारा आणि मेलेला एकाच गावचे असतात. निष्काळजीपणाने मृत्यू याला जुन्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत होती, नव्या न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत आहे, शिवाय त्याच वाडीत तोंड दाखवत राहायचं.

शेती संरक्षणाचं लायसन म्हणजे डुक्कर मारायचं लायसन हा गैरसमज तर एवढा पक्का आहे की सांगून सोय नाही. मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, आणि परवानगीने मारलेलं डुक्कर सुद्धा सरकारचं, मटण वाटून घेण्याचा विषयच नाही. रात्री कपाळाला बॅटरी, हातात बंदूक आणि पाय जंगलाच्या हद्दीत असा माणूस फॉरेस्टवाल्याला भेटला तर तो शिकारीच धरणार, आणि त्या केसमध्ये बंदूक जाते, गाडी जाते, लायसन तर जातंच. आमच्या शेताची एक कड रानाला लागून आहे, मी वनरक्षकाला दिवसा बोलावून हद्दीचे दगड दाखवून घेतले आणि त्या बाजूला बंदूक नेतच नाही. तिकडे पत्र्याचे डबे बांधलेत, माकडांना त्याची काही भीती वाटत नाही हा भाग वेगळा.

मग आला शिमगा. देवाची पालखी आमच्या वाडीत येते तेव्हा वडील दोन बार काढायचे, आजोबाही काढायचे म्हणे. मानकरी घरी आले, या वर्षी तू काढ. लायसनच्या अटीतच लिहिलंय की जत्रा, धार्मिक मिरवणूक, लोकांचा जमाव, शाळा-कॉलेज इथे बंदूक न्यायची नाही, नुसती नेली तरी अट मोडली, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आणि आनंदाप्रीत्यर्थ बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर 2019 पासून वेगळं कलम, दोन वर्षांपर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एकेकाच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ असतो आता. डिसेंबर 2024 मध्ये बीडचं सरपंच संतोष देशमुखांच्या खुनाचं प्रकरण झाल्यावर हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले आणि जिल्ह्यातली लायसनं तपासून कितीतरी रद्द झाली, हे मी त्यांना सांगितलं. वडील काढायचे तेव्हा चालायचं, आता नाही. एक म्हातारे मानकरी नाराज झाले, अजून आहेत. मी फटाक्यांची माळ आणून दिली, ती लावली, पालखी गेली.

त्या शिमग्याआधीच्या निवडणुकीचं तर विचारूच नका. लायसन हातात आलं, बंदूक घरी आली, भात पिवळं पडायला लागलं, डुकरं रोज रात्री, आणि 15 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेची आचारसंहिता लागली. नोटीस आली, जमा करा. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायला लावू नयेत, प्रत्येकाचा विचार छाननी समितीने करावा अशी भूमिका मुंबई हायकोर्टाने गोव्याच्या प्रकरणात 2009 मध्येच घेतलेली आहे, म्हणून मी सातबारा आणि पिकाच्या नुकसानीचे फोटो लावून सूट मागितली. मुदत संपेपर्यंत उत्तर आलं नाही, मुदतीनंतर बंदूक घरात ठेवली तर आदेश मोडल्याचा गुन्हा, मग नेऊन दिली, या वेळी स्वतःच्या लायसनवर, कव्हरात, ओरिजिनल पुस्तकासह. निकाल 23 नोव्हेंबरला, बंदूक त्याच्या आठवडाभरानंतर. तोपर्यंत भात कापून झालं होतं, जे उरलं होतं ते.

आता सध्या एकच अडलंय. मारलेलं काडतूस नळीतून बाहेर काढणारा खटका सैल झालाय, चाकूच्या टोकाने काडतूस उचकटावं लागतं. दुरुस्त करणारा लायसनवाला मिस्त्री जिल्ह्याबाहेर. माझं लायसन फक्त जिल्ह्यापुरतं आहे, बांद्याचा नाका ओलांडला की गोवा, आंबोलीचा घाट चढून पुढे गेलं की बेळगाव, म्हणजे कर्नाटक, दोन्हीकडे ते पुस्तक दाखवून उपयोग नाही. मित्र म्हणतो सुटे भाग करून डिकीत टाक कोण बघतंय. नेण्याच्या परवानगीचा अर्ज दिलाय, सोबत मिस्त्रीच्या लायसनची झेरॉक्स लावलीय, तोपर्यंत बंदूक कपाटात आणि किल्ली माझ्याकडे.